लिहू दे गं तिला!

अगं, तुझ्यासारख्या कितीतरी आया मला हेच विचारतात. "ताई, पोरीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, पण निबंध लिहायला बसवली की पेन्सिल चावत बसते. चार ओळी लिहिते आणि 'झालं' म्हणते. हिला लिहिता येणार तरी कधी?" विचारणारी कधी तात्यापाऱ्यातली असते, कधी चौबे कॉलनीतली, कधी नवा रायपूरला नुकतीच राहायला आलेली. प्रश्न मात्र तोच. आज तुझ्याशी निवांत बोलते. रायपुरात पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवण्यात माझी हयात गेली. त्यातून जे हाती लागलं ते सांगते, पटलं तर करून बघ.

पहिली गोष्ट मनात पक्की धर. जिला बोलता येतं, तिच्यापाशी लिहिण्याजोगं असतंच. मग अडतं कुठे? विषय आपण देतो, शब्द आपण पुरवतो, वेळ आपण ठरवतो, आणि लिहून झालं की वाचायला बसतो ते चुका शोधायला. त्यात तिचं स्वतःचं काय उरलं? मग कमीत कमी ओळींत ती आपली सुटका करून घेते.

शाळेत काय चालतं ते तुलाही ठाऊक आहे. फळ्यावरचं उतरवून घ्या, उत्तरं पाठ करून लिहा, 'मेरी गाय' नाहीतर 'माय स्कूल' जसं सांगितलं तसंच परीक्षेत उतरवा. 2011 ते 2016 या काळात महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात मुलं लिहा-वाचायला कशी शिकतात याचा मोठा अभ्यास झाला. तिथंही दिसलं ते हेच. प्राथमिक वर्गांत लेखन म्हणजे बहुतेक वेळ उतरवून काढणं, मनातलं लिहायची संधी मुलांना फार थोडी. इतक्या वर्षांत आपल्याकडे मला याहून वेगळं काही दिसलं नाही. भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. पण जे वर्गात जमत नाही, ते घरी रोजच्या दहा मिनिटांत जमतं.

कसं, ते एका वहीतून दाखवते. तिसरीतल्या एका मुलीनं पोळ्यावर लिहिलं होतं, "पोळा हा बैलांचा सण आहे. या दिवशी बैलांची पूजा करतात. मला पोळा खूप आवडतो." चूक एकही नाही. पण हे कुणीही लिहिलं असतं. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझा मातीचा बैल कुणी आणला?"

"आजोबांनी. गोलबाजारातून."

"मग?"

"घरी येईस्तोवर त्याचं एक चाक निघालं. मी रडले. आजोबांनी झाडूची काडी घालून चाक परत बसवलं, पण मग बैल तिरकाच चालायला लागला."

"हे कुठे लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. हे असलं लिहायचं असतं, हेच तिला माहीत नव्हतं! दुसऱ्यांदा लिहिलं ते असं : "आजोबांनी गोलबाजारातून नांदिया बैल आणला. त्याचं चाक निघालं. आजोबांनी झाडूची काडी लावली. आता तो तिरका चालतो. मी त्याचं नाव तिरक्या ठेवलं. आईनं त्याला ठेठरी खुरमीचा नैवेद्य दाखवला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता." अगं, मूल तेच, सण तोच, मध्ये गेली जेमतेम दहा मिनिटं. तिला मी एक शब्दसुद्धा सांगितला नव्हता, नुसतं विचारलं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की विषय लहान करून दे. 'पोळा' नको, 'माझा बैल' दे. 'पावसाळा' नको, 'शाळेतून येताना बूट भिजले तो दिवस' दे. 'माझी आई' नको, 'आई चिडते तेव्हा' दे, आणि जे लिहून येईल ते शांतपणे वाच. 'बूढा तालाब' हा विषय आठ वर्षांच्या मुलीला मोठा पडतो. तिथल्या पायरीवर दिसलेलं एखादं कासव तिला पुरतं.

मोठे लेखकसुद्धा हेच करतात. आपल्या रायपूरचे माधवराव सप्रे आठव. घरची भाषा मराठी, आणि 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. त्याच मासिकात 1901 साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. जमीनदार एका गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ती फक्त एक टोपली माती मागते, नातीसाठी चूल घालायला. टोपली उचलायला त्याच्याच हाताची मदत मागते आणि त्याला ती उचलत नाही. जमिनीचा लोभ, गरिबी, अन्याय, पश्चात्ताप, सगळं त्या एका टोपलीत आलं. कथा दोन-तीन पानांत आटोपते. लेकीला ही गोष्ट तुझ्या शब्दांत सांग आणि मग विचार, "तुझ्या गोष्टीतली टोपली कोणती?" मुलांना हा प्रश्न चटकन कळतो.

विनोद कुमार शुक्लांचंही तसंच. रायपुरात राहून त्यांनी लिहिलं, 2024 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. कादंबऱ्यांची नावं बघ, एक नोकराच्या सदऱ्यावर, दुसरी भिंतीतल्या खिडकीवर. उतारवयात त्यांनी लहान मुलांसाठीही मन लावून लिहिलं. लेखक काही दूर कुठेतरी राहत नाही, आपल्याच गावात, आपल्यासारख्याच घरात राहतो, हे मुलांना कळलं पाहिजे. आपली खिडकी आणि आपला सदरा हेही लिहिण्याचे विषय आहेत, हे मग त्यांना आपोआप उमगतं.

आता वयाप्रमाणे काय करायचं ते सांगते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोक्यात गोष्ट असते मोठी आणि हात असतो हळू. तेव्हा तू त्याची लेखनिक हो. ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिही, जराही न सुधारता. "मग तो कुत्रा भुंकला न् मी पळालो न् चप्पल तिथंच राहिली", अगदी असंच. मग बोट फिरवत त्याला वाचून दाखव. आपण बोललेलं कागदावर येतं आणि उद्या उघडलं तरी तसंच्या तसं राहतं, हे एकदा कळलं की मूल लिहायला उतावीळ होतं. खाली चित्र काढू दे. चित्राखाली एक ओळ त्याला स्वतःला लिहू दे, मोडकी-तोडकी चालेल.

न्यूझीलंडमध्ये सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांना शिकवायच्या. त्या रोज प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कार्डावर लिहून देत. भीतीचे, मायेचे, घरातल्या माणसांचे शब्द मुलं मागत आणि ते पक्के लक्षात राहत. जे शब्द दुसऱ्या दिवशी आठवत नसत, ते त्या सरळ काढून टाकत. 1963 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. तूही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून अशी कार्डं कर. 'कमळ', 'गवत' आधी नको. 'आजी', 'भूत', 'गुपचुप', 'सायकल' आधी येऊ दे.

तिसरी ते पाचवीच्या मुलांना लिहिण्याआधी बोलतं कर. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, तेलीबांध्याला फिरायला गेल्यावर विचार, मग काय झालं? कोण काय म्हणालं? कसला वास येत होता? तुला तेव्हा काय वाटलं? 'का' जरा बेतानं विचार, नाहीतर मूल जाब दिल्यासारखं उत्तर देतं. पाच मिनिटं बोलणं झालं की म्हण, "आता हेच कागदावर मला सांग." कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं, तेव्हा मुलांचा स्वतःचा अनुभव हाच त्यांनी शिकण्याचा पाया मानला. ती वाट घरातही चालता येते, त्याला वेगळा खर्च नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वाचणारं कुणीतरी हवं. वहीत लिहून वही मिटली, तर मूल कशासाठी लिहील? नागपूरच्या आजीला, पुण्याच्या आत्याला, बिलासपूरच्या मामाला पत्र लिहायला लाव. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं. पत्ता तिलाच लिहू दे, पेटीत तिलाच टाकू दे. आणि आजीला फोन करून बजाव, की उत्तर फोनवर द्यायचं नाही, पत्रानंच द्यायचं. आजीनं पत्रात विचारलं, "तिरक्या अजून आहे का गं?" की बघ, पोरगी दुसरं पत्र लिहायला स्वतःहून बसेल.

घरात लिहिण्याची खरी कामं तिच्याकडे दे. बाजाराची यादी, दूधवाल्याचा हिशेब, फ्रीजवर बाबांसाठी चिठ्ठी, आजीकडून विचारून घेतलेली चिल्याची कृती. कृती लिहिताना काय आधी, काय नंतर, किती वाटी, किती वेळ, हे नीट मांडावं लागतं. मग तिनं लिहिलेल्या कृतीवरून तू खरोखर चिले कर. मीठ लिहायचं राहिलं असेल तर मीठ न घालता कर. काय राहिलं, ते तिला ताटातच कळेल आणि पुढच्या वेळी तुला सांगावं लागणार नाही.

आता भाषेचं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, कामाला येणाऱ्या मावशींशी छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी. तुला वाटतं पोराचा गोंधळ होतोय. गोंधळ होतो, पण तो निस्तरतो. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले केवढे मोठे कवी! आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले. सप्र्यांनी तर टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेले. दोन भाषांचं घर ही लिहिणाऱ्याची श्रीमंती आहे, असं मी मनापासून मानते.

म्हणून पहिल्या खर्ड्यात जी भाषा येईल ती येऊ दे. भाजीवालीनं "का करत हस नोनी?" असं विचारलं असेल तर लेकीनं ते तसंच लिहावं. त्यानं लिखाणाला जीव येतो. नंतर सावकाश निवड करायला शिकव, की आजीच्या पत्रात कोणती भाषा, शाळेच्या वहीत कोणती. हिंदी शाळेतलं मूल मराठीत 'कवि' आणि 'शांति' असं ऱ्हस्व लिहितं, कारण हिंदीत ते तसंच बरोबर असतं. मराठीत अशा शब्दांचा शेवट दीर्घ लिहितात, हे एकदा शांतपणे दाखव. त्याला निष्काळजीपणा म्हणू नकोस.

चुकांबद्दल माझं मत ठाम आहे. मूल लिहीत असताना मध्ये बोलायचं नाही. वेलांटी चुकली म्हणून टोकलंस की ते पुढची ओळ विसरतं, आणि पुढच्या वेळी जे शब्द लिहिता येतात तेवढेच वापरतं. 'घाबरलो' लिहिता येत नाही म्हणून 'गेलो' लिहितं. आपल्याला वही स्वच्छ दिसते आणि गोष्ट मात्र गेलेली असते. लिहून झालं की आधी मजकुरावर बोल. "चाक निघालं तिथं मला वाईट वाटलं", असं काही नेमकं सांग. नुसतं 'छान' म्हटल्यानं मुलाला काहीच कळत नाही. मग एका बैठकीत एकाच प्रकारची चूक घे, आज पूर्णविराम, परवा अनुस्वार. बाकीच्या चुका दिसल्या तरी आजच्या दिवस राहू दे. लाल पेन घरात नकोच, पेन्सिलनं समासात बारीक खूण पुरते.

चौथी-पाचवीपासून परत लिहायची सवय लाव, पण अख्खं पान उतरवून काढायला लावू नकोस. तिला तिचंच लिखाण मोठ्यानं वाचायला सांग. जिथं ती अडखळते, तिथं वाक्य बिघडलंय हे तिला तुझ्याआधी कळेल. मग फक्त एक जागा निवडायची आणि तिथं दोन-तीन ओळी भरायच्या. 'आम्ही नंदनवनला गेलो, मजा आली' यातली 'मजा' उघडायची. कुणी काय केलं, कोण हसलं, डबा कुठे उघडला? मोठे लेखकही परत परत लिहितात, हे तिला आवर्जून सांग. पुन्हा लिहिणं ही शिक्षा आहे असं तिच्या मनात कधीही बसू देऊ नकोस. आणि "उद्धट बोललीस, आता शंभर वेळा लिही", हे तर घरात कधी होता कामा नये. लिहिण्याचीच शिक्षा दिलीस, तर लिहिण्याची गोडी कुठून लागेल?

वाचनाशिवाय यातलं काहीही टिकणार नाही, हेही सांगून ठेवते. मूल स्वतः वाचायला लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नकोस. झोपण्याआधी रोज थोडं, आवाज चढवून-उतरवून. मराठी पुस्तकं इथं सहज मिळत नाहीत, ही तुझी तक्रार खरी आहे. पण बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी-हिंदीतली चित्रपुस्तकं पैसे न देता मिळतात. हिंदीत एकलव्य संस्थेचं 'चकमक' 1985 पासून मुलांसाठी निघतंय. मुलांनी स्वतः लिहिलेलं आणि काढलेलंही त्यात छापून येतं. ती पानं लेकीला जरूर दाखव. "हे माझ्याएवढ्या मुलीनं लिहिलंय?" हा प्रश्न तिच्या तोंडून आला की निम्मं काम झालं.

हाताकडेही लक्ष दे. सुंदर अक्षर वेगळं आणि चांगलं लिहिणं वेगळं, पण हात दुखत असेल तर मन कसं चालेल? पहिलीतल्या मुलाला कणीक मळू दे, मटार सोलू दे, रांगोळीचे ठिपके काढू दे, कात्रीनं कागद कापू दे. बोटांत बळ येतं. टेबल उंच आणि पाय लोंबकळताहेत, असं बसवू नकोस. पहिली-दुसरीला सलग दहा मिनिटं पुष्कळ झाली, पाचवीला वीस. शुद्धलेखनाचा कित्ता गिरवायचा असेल तर तो वेगळ्या वेळी, गोष्ट लिहिण्याच्या वेळात नाही.

एक गोष्ट आईच्या मायेनं सांगते, रागावू नकोस. तिचा निबंध तू लिहून देऊ नकोस. शाळेचा प्रोजेक्ट रात्री जागून तू पूर्ण करतेस, आणि आता तर मोबाइलला विचारलं की निबंध आयता हजर. दहापैकी दहा मिळतील, पण त्या गुणांतून पोरगी काय शिकते? आपले शब्द कमी पडतात, दुसऱ्याचे आणावे लागतात, हेच ना? तिच्या चार मोडक्या ओळी शाळेत जाऊ देत. गुण कमी पडले तर पडू देत. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलनाही नको.

आणि एवढं सगळं प्रेमानं करूनही तिसरी-चौथीपर्यंत अक्षरं उलटी पडत असतील, वाचताना ओळ सारखी सुटत असेल, तोंडी सगळं येऊनही कागदावर काहीच उतरत नसेल, तर त्याला आळस समजू नकोस. आधी डोळे आणि कान तपासून घे, मग बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घे. लिहिण्या-वाचण्यातली अशी अडचण 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात नोंदलेली आहे. तशा मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. लवकर कळलं तर मुलाचा स्वतःवरचा विश्वास वाचतो, आणि तोच सगळ्यात मोलाचा.

फार झालं का गं? सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या आठवड्यात एकच कर. आज रात्री जेवणं झाली की तिला जवळ घे, दिवसातली एक लहानशी गोष्ट विचार, नीट ऐक आणि मग म्हण, "हे मला लिहून दे." ती जे लिहील ते आधी एक वाचक म्हणून वाच, त्यातलं तुला काय आवडलं ते तिला सांग, आणि कागदावर तारीख घालून जपून ठेव. महिनाभर एवढंच कर. मुलं लिहायला शिकतात ती लिहून, आणि लिहितात ती कुणीतरी मनापासून वाचणार आहे या भरवशावर. तो भरवसा तिला शाळेच्या आधी तू द्यायचास.